फोन कुणाचा, बोट कुणाचं?

तुमचा प्रश्न मी असा समजले आहे. किरकोळ विक्रेत्यांसाठी हिशेब ठेवायचं एक अ‍ॅप तुमच्या गटाने तयार केलं. भाजीवाले, फुलवाले, मासळीवाल्या अशा बाराजणांना कार्यालयात बोलावून चाचणी घेतली. सगळ्यांना नोंद करता आली, सगळे "छान आहे" म्हणाले. दोन महिन्यांनी पाहिलं तर बहुतेकांच्या नोंदी थांबलेल्या. आता बाजारात जाऊन निरीक्षण करायचं ठरलंय, पण किती जणांना भेटायचं, काय विचारायचं आणि कॅमेरा न्यायचा का, हे ठरत नाहीये.

वीस वर्षांहून जास्त काळ मी मुंबईत हेच काम करते आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या "छान आहे"बद्दल. तुमच्या कार्यालयात आलेल्या मावशींचे हात कोरडे होते. डोक्यावर पंखा होता, बसायला खुर्ची होती, समोर गिऱ्हाईक ताटकळत नव्हतं. शेजारी बसलेलं तुमचं माणूस बोललं नसलं तरी मानेने होकार देत असणार. आणि ज्या मुलीने चहा दिला, गाडीभाडं हातात ठेवलं, तिच्या तोंडावर "हे माझ्या कामाचं नाही" म्हणणं आपल्याकडे जिवावर येतं. म्हणून चाचणी खोटी ठरत नाही. बटण सापडतं का, एवढंच तिने तपासलं आणि ते सापडलं. बाजारात मात्र प्रश्न असतो तो ते बटण दाबायला मोकळं बोट कुणाचं आहे, हा.

मी एक प्रसंग सांगते, कारण तुमच्या अ‍ॅपशी त्याचा जवळचा संबंध आहे. काही वर्षांपूर्वी, नारळी पौर्णिमेनंतरच्या दिवसांत, मी मध्य मुंबईतल्या एका मासळी बाजारात एका मावशींच्या पाटीशेजारी बसत होते. कामही तुमच्यासारखंच, हिशेबाचं अ‍ॅप. मावशी पहाटे धक्क्यावरून माल आणायच्या, नऊच्या सुमाराला बाजारात बसायच्या. पाटीच्या कडेला दोरीने बांधलेला, प्लास्टिक चढवलेला क्यूआर कोड होता. हात कोपरापर्यंत ओले, बोटांना खवले चिकटलेली. फोनचा स्पर्शाने चालणारा पडदा बोटामुळे त्याच्या विद्युतक्षेत्रात होणारा बदल ओळखतो. पाण्याचा थेंबही तसाच बदल करतो, म्हणून ओल्या बोटाने भलतंच काही उघडतं किंवा काहीच उघडत नाही. मावशींना हे शास्त्र कुणी सांगितलेलं नव्हतं, पण त्यांचा फोन दिवसभर पिशवीत, दोन पिशव्यांच्या आत असायचा.

मग पैसे आले हे त्यांना कळायचं कसं? गिऱ्हाईक स्कॅन करून स्वतःचा फोन त्यांच्यासमोर धरायचं. मावशी अक्षरं वाचत नव्हत्या, हिरवी खूण तेवढी बघायच्या. शेजारच्या बाई विचारायच्या, "आले का गं?" रक्कम मोठी असली की मावशी कोपराने पिशवी पुढे ओढायच्या, हात पुसायच्या आणि मुलाला फोन लावायच्या. मुलगा ऐरोलीला कामावर. तो तिकडून "आले" म्हणायचा, मग मासळी पिशवीत पडायची. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "कोड तुमचाच ना?" तर म्हणाल्या, "पोराचा हाय. पैसं त्याच्या फोनात जातात."

म्हणजे एका पापलेटच्या जोडीच्या व्यवहाराला गिऱ्हाईक, त्याचा फोन, बँक, ऐरोलीचा मुलगा आणि शेजारीण इतके जण लागत होते. आमच्या अ‍ॅपने मात्र एकच माणूस गृहीत धरला होता, तो म्हणजे 'वापरकर्ता'. त्या साखळीत हा माणूस नेमका कुठे बसतो, हे आम्ही कुणीच विचारलं नव्हतं.

नऊ दिवस बाजारात बसून मी निष्कर्ष काढला की नोंद करायला हात मोकळे नसतात, तर बोलून नोंद होऊ द्या. आम्ही तशी सोय केली. ती कुणी वापरली नाही. हा माझा निष्कर्ष चुकला आणि तो का चुकला हे तुम्हाला कळावं असं मला मनापासून वाटतं. मी बाजारातली अडचण बरोबर पाहिली होती, पण हिशेब बाजारात होतच नव्हता. दोन-तीन आठवड्यांनी त्यांच्याकडे परवानगी मागून मी रात्री घरी गेले. साडेनऊच्या पुढे, जेवणं आटोपल्यावर, मुलगा अ‍ॅप उघडून बसला आणि म्हणाला, "आई, सांग." मावशींनी बोंबील सांगितले, कोलंबी सांगितली. सकाळी माझ्या डोळ्यांदेखत मांदेलीचे सात-आठ वाटे रोखीने गेले होते, ते सांगितले नाहीत. पुढच्या गुरुवारी बाजार थंड असताना मी हळूच विषय काढला. त्या म्हणाल्या, "सगळं त्याला सांगितलं तर माज्याकडं काय राहील?"

कमरेच्या बटव्यात त्यांचे तीन कप्पे होते. एक बर्फवाल्याचा, एक व्यापाऱ्याच्या उधारीचा, एक स्वतःचा. रोखीचे पैसे हातात येताच वाटले जायचे. कोडवरचे पैसे सरळ मुलाच्या खात्यात जाऊ लागले तसा हा कप्प्यांचा हिशेब मोडला, आणि उरलेली रोख मावशींसाठी आणखी मोलाची झाली. अशा घरात 'संपूर्ण आणि अचूक हिशेब' दाखवणारं अ‍ॅप कुणाच्या बाजूने उभं राहतं? शिवाय मोठ्याने बोलून नोंद करायची म्हणजे विक्रीचा आकडा शेजारणीला, गिऱ्हाइकाला, सगळ्या ओळीला ऐकवायचा. एका बाजारातल्या एका मावशींवरून मी सगळ्या विक्रेत्यांबद्दल बोलत नाही. पण त्या दिवसापासून कुठेही गेले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. फोन कुणाचा, बोट कुणाचं, पैसे कुणाचे आणि पडद्यावर नजर कुणाची? ही चार माणसं वेगवेगळी निघाली की त्यांच्या मधल्या जागेत जे चालतं, तेच तुमच्या अभ्यासाचं खरं साहित्य.

हे फक्त आपल्याकडचं नाही. १९८०च्या दशकात ल्युसी सचमन ही मानववंशशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात काम करत होती. कंपनीचं कॉपी काढायचं यंत्र लोकांना अवघड जात होतं. तिने माणसांना जोडीने यंत्रासमोर उभं केलं आणि ती एकमेकांशी काय बोलतात, कुठे अडतात, हे चित्रित केलं. दोघं असली की विचार आपोआप मोठ्याने होतो, ही त्यातली खुबी. तिला दिसलं ते असं की माणूस कोणत्या क्रमाने काम करेल याचा आराखडा यंत्रात आधीच भरलेला होता. माणूस मात्र प्रत्येक पायरीला समोर काय घडलं ते बघून पुढचं ठरवत होता. आणि यंत्राला त्यातलं फारच थोडं 'दिसत' होतं: बटण दाबलं, झाकण उघडलं, बस्स. दोघांची चर्चा, गोंधळ, "थांब, परत करून बघू" हे काहीच नाही. तुमच्या सर्व्हरलाही मावशींचं तेवढंच दिसतं.

दुसऱ्याच्या हाताने होणाऱ्या वापरावर आपल्या देशातही काम झालं आहे. नित्या सांबशिवन ही संशोधक आणि तिच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूच्या वस्त्यांमधला असा वापर अभ्यासून २०१० मध्ये मांडला. मुंबईत याची उदाहरणं पावलोपावली आहेत. सोसायटीचा वॉचमन दुसऱ्याचा रिचार्ज करून देतो, झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा सरकारी अर्ज भरतो आणि ओटीपी त्यालाच सांगितला जातो, आजीचा व्हिडिओ कॉल नात लावून देते. हे लोक संगणकाच्या भाषेत 'वापरकर्ते' ठरत नाहीत, पण ते उठून गेले तर वापर बंद पडतो.

आणि या शहराला साखळीतल्या हातांसाठी खुणा तयार करायची कला चांगली अवगत आहे. १८९० पासून चालत आलेला डबेवाल्यांचा व्यवसाय बघा. डब्याच्या झाकणावरच्या रंगीत अक्षर-आकड्यांत डबा कुठून निघाला, कुठल्या स्टेशनवर उतरायचा, कुठल्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर जायचा हे सगळं असतं. पण प्रत्येक हाताला सगळं वाचावं लागत नाही. ज्याच्या हातात डबा आला, त्याने आपल्यापुरतं वाचायचं आणि पुढे द्यायचं. मला ती खूण आजवर पाहिलेल्या उत्तम रचनांपैकी एक वाटते, आणि ती कुणी कार्यालयात बसून केलेली नाही.

आता तुमच्या प्रश्नांकडे येते.

कधी जायचं, हे किती जणांना भेटायचं याच्या आधी ठरवा. मासळी बाजार बुधवार, शुक्रवार, रविवारी तुडुंब भरतो. सोमवार, गुरुवार, शनिवारी बऱ्याच मराठी घरांत मासळी शिजत नाही. म्हणून बघायला जायचं गर्दीच्या वारी आणि बोलायला जायचं गुरुवारी. जून-जुलैत राज्यात मासेमारीबंदी असते, श्रावणात खप उतरतो. त्या दिवसांत जे दिसेल ते वर्षभराचं चित्र म्हणून मांडू नका. दादरच्या फुलांचं आणि घाऊक भाजीचं वेळापत्रक आणखी वेगळं, तिथे पहाटे चारला पोचला नाहीत तर निम्मा दिवस संपलेला असतो. सकाळी अकराला डबा खाऊन निघालेल्या अभ्यासकाला जो बाजार दिसतो, तो विक्रेत्यांच्या दृष्टीने उतरणीचा बाजार.

संख्येची काळजी करू नका. बाराजणांना एकेकदा भेटण्यापेक्षा चौघा-पाचजणांकडे तीन-चारदा जा. पहिल्या भेटीत माणूस पाहुण्याशी बोलतं. दुसऱ्या भेटीत तक्रार सांगतं. तिसऱ्या भेटीत त्याला तुमची सवय होते आणि कामं नेहमीसारखी चालू राहतात, तुम्हाला हवं ते तिथून पुढे. भाजी, फुलं, मासळी यांतला एकेक तरी असू द्या, कारण कोरड्या हातांचा आणि ओल्या हातांचा धंदा वेगळा. अ‍ॅप सोडलेल्यांइतकंच, ज्या एकदोघांनी चालू ठेवलंय त्यांच्याकडे जा. त्यांच्या घरी कोणीतरी कॉलेजात जाणारं निघेल, असा माझा अंदाज आहे. तो चुकला तर आणखी चांगलं, मग खरोखर नवं काहीतरी हाती लागेल.

पहिले दोन दिवस काही विचारूच नका. कॅरन होल्ट्झब्लाट आणि ह्यू बायर या अभ्यासकांनी १९९०च्या दशकात, कामाच्या जागी बसून बघायच्या या पद्धतीची नीट मांडणी करताना, अभ्यासकाने शिकाऊ उमेदवारासारखं राहावं असं म्हटलं. उस्तादाच्या हाताखाली बसायचं, काम बघायचं, अडलं तर तेवढंच विचारायचं. ते मला शंभर टक्के पटतं. बाजारात बर्फ फोडायला, पिशवी उघडून धरायला हात लावलात तर बसायला जागाही मिळते.

विचारायची वेळ आली की 'साधारणपणे' हा शब्द टाळा. "तुम्ही साधारणपणे हिशेब कसा ठेवता?" असं विचारलं की माणूस कसा ठेवायला हवा ते सांगतं. "काल शेवटचं गिऱ्हाईक कोण होतं? त्याने पैसे कसे दिले? मग तुम्ही काय केलंत?" असं विचारा. घडलेला प्रसंग सांगताना माणूस त्याला सजवत बसत नाही. "दाखवा ना" हा दुसरा चांगला प्रश्न. आणि "असं बटण दिलं तर आवडेल का?" हा प्रश्न बाजारात विचारूच नका, उत्तर तुम्हाला आधीच मिळालं आहे: "छान आहे."

उत्तरानंतरची शांतता मोडू नका. तरुण सहकाऱ्यांना हे सगळ्यात जड जातं. मावशी गप्प झाल्या की आपण घाईने पुढचा प्रश्न टाकतो, आणि त्या जे सांगणार होत्या ते आतच राहतं.

कागदाचे तुकडे, खडूच्या खुणा, पुठ्ठ्यावर लिहिलेले आकडे, पदराची गाठ, बटवा, डब्याच्या झाकणावर चिकटवलेले नंबर, हे सगळं टिपा. अ‍ॅपच्या शेजारी वही अजून चालू असेल तर ती जुन्या सवयीने चालू आहे असं लिहून मोकळं होऊ नका. वही काहीतरी करते जे अ‍ॅप करत नाही. कदाचित ती उघडीच पडलेली असते म्हणून एका नजरेत दिसते. कदाचित ती दुसऱ्याला वाचता येत नाही, हाच तिचा गुण असेल. अशा तोडग्यांना 'चुकीचा वापर' हे नाव दिलं की अभ्यास तिथेच संपतो. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन आंदोलन करून परत केले, ते आठवत असेल. वरून पाहणाऱ्याला नोंदी येत नाहीत एवढंच दिसत होतं. सेविका सांगत होत्या की फोनची क्षमता अपुरी आहे आणि अ‍ॅप इंग्रजीत आहे. पोषणाचं काम गावागावात पोचवणाऱ्या बायकांना हे सांगण्यासाठी फोन परत करावे लागले, याचं मला आजही वाईट वाटतं.

कॅमेरा पहिल्या दोन-तीन भेटींत नको. रस्त्यावर बसणाऱ्या कितीतरी विक्रेत्यांकडे परवान्याचा कागद नसतो. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ ला आला तरी पालिकेची गाडी येईल ही धास्ती गेलेली नाही. हातात वही, गळ्यात ओळखपत्र आणि कॅमेरा असलेला अनोळखी माणूस त्यांना कोण वाटणार? खिशात मावेल अशी छोटी वही न्या आणि जागेचं चित्र काढा: पाटी कुठे, फोन कुठे, गल्ला कुठे, सावली कुठून येते. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल. बहुतेक वेळा शेजारचं कोणीतरी वाकून बघतं आणि "ते असं नाय, इकडं" म्हणत दुरुस्त करतं. ती दुरुस्ती हीच मुलाखत.

संमती एकदा सही घेऊन संपत नाही. सहीच्या कागदाने माणसं बिचकतात. काय बघणार, काय लिहिणार, कुणाला दाखवणार आणि काय लिहिणार नाही, हे मराठीत किंवा हिंदीत तोंडी सांगा, आणि नवं काही विचारताना पुन्हा सांगा. फोनचा पडदा टिपताना त्यात इतरांची नावं, नंबर, रकमा येतात. ती माणसं तुम्हाला कधी भेटलेलीच नाहीत, त्यांची संमती तुमच्याकडे नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हा विषय आता कायद्याचाही केला आहे, पण कायदा नसतानाही ते चूकच होतं. आणि मुलापासून लपवलेल्या मांदेलीच्या पैशांसारखी गोष्ट कळली, तर बाजाराचं नाव, वय, मुलाचं कामाचं ठिकाण असं काहीही अहवालात जाऊ देऊ नका. वरच्या प्रसंगात अशा खुणा मी बदललेल्या आहेत.

मोबदला आधीच सांगून, पाकिटात, आणि बोलण्याच्या वेळेचा द्या. धंद्याच्या ऐन भरात मुलाखत मागणं म्हणजे त्यांची कमाई बुडवणं. मासळी घ्यायची असली तर शेवटच्या भेटीत घ्या. आधीच घेतलीत की तुम्ही गिऱ्हाईक होता, आणि गिऱ्हाइकाशी बोलायची भाषा वेगळी असते.

टिपणं त्याच रात्री नीट लिहा. मी पानाच्या डाव्या बाजूला पाहिलेलं-ऐकलेलं लिहिते, माणसाचे शब्द जसेच्या तसे, आणि उजव्या बाजूला मला काय वाटलं ते. डावीकडे "मावशींनी हिरवी खूण बघून मासे दिले" असेल तर "मावशींचा गिऱ्हाइकावर विश्वास आहे" हे उजवीकडेच जातं. तो विश्वास असेल, नाहीतर घाई असेल, किंवा वाद घालायचा कंटाळा असेल. दोन्ही बाजू मिसळल्या की चार आठवड्यांनी काय पाहिलं आणि काय कल्पिलं हे तुमचं तुम्हालाच कळत नाही.

आणि माणूस माणसाला का विचारतो, इकडे लक्ष ठेवा. लोकलच्या फलाटावर डोक्यावर इंडिकेटर लागलेला असतो, हातात लोकलच्या वेळा सांगणारं एम-इंडिकेटर अ‍ॅप उघडलेलं असतं, तरी शेजारच्याला विचारतात, "ही फास्टच ना?" त्यांना माहिती हवी नसते, ती दोन ठिकाणी लिहिलेली आहे. त्यांना कुणीतरी हमी द्यायला हवं असतं. पैसे आल्याचं बोलून सांगणारा साउंडबॉक्स दुकानांत इतका पटकन रुजला त्याचंही एक कारण हेच असावं. दुकानदाराचे हात आणि डोळे गुंतलेले असतात, खोटा स्क्रीनशॉट दाखवणारे भेटतात, अशा वेळी एक आवाज हमी देतो. पण त्याच साउंडबॉक्सवर एका बाईंनी फडकं गुंडाळलेलं मी पाहिलं आहे. आकडा त्यांना ऐकायचा होता, बाजूच्या गाळ्याला ऐकवायचा नव्हता. तुमच्या गटातल्या कुणाला असं फडकं दिसलं तर त्याबद्दल लगेच विचारू नका. ते कधी काढलं जातं आणि कधी परत घातलं जातं, हे आधी दोन दिवस बघा.

बाजारात जायच्या आधी मात्र एक काम कार्यालयातच होण्यासारखं आहे. सर्व्हरवरून पहिल्या दोन महिन्यांतल्या सगळ्या नोंदींच्या वेळा काढा. कोणत्या दिवशी, किती वाजता, एकामागोमाग किती नोंदी पडल्या. मासळीवालीच्या नोंदी सकाळी दहा ते एकमध्ये सुट्यासुट्या पडलेल्या असतील तर बाजारातच बसा. रात्री दहाला एका दमात वीस नोंदी पडत असतील, तर ते बोट मावशींचं नाही. मग गुरुवारी जाऊन मावशींना विचारा की रात्री कधी घरी आलं तर चालेल, आणि त्यांनी होकार दिला तरच जा.